पहिलं सिंगल: वहीतल्या मुखड्यापासून पहिल्या रॉयल्टीपर्यंत

स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं आणि स्वतःच गायलेलं पहिलं गाणं बाहेर काढायचं ठरलं, की बहुतेक जण आधी स्टुडिओची तारीख घेतात. तारीख जरा नंतर घ्या. सिनेमाच्या गाण्यामागे निर्माता, संगीत कंपनी, प्रसिद्धीवाले अशी फौज असते. तुमच्या गाण्यामागे तुम्ही एकटे आहात. म्हणून गाण्याचा सूर जितका जपाल तितकेच त्याचे कागद आणि नोंदीही जपाव्या लागतील. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात घरच्या खोलीत बसून गाणी करणारी कितीतरी मुलं-मुली सुरेख चाली लावतात, गातातही छान, पण मालकी कुणाची, श्रेय कुणाचं हा भाग मित्राच्या भरवशावर सोडून देतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

गाणं कोणतं आणि कसं

हाताशी चार-पाच गाणी असतील तर त्यातलं सगळ्यात कसरतीचं गाणं पहिलं म्हणून निवडू नका. ज्यात तुमचा आवाज आणि तुमची बोलण्याची ढब ओळखू येते ते निवडा. पारखण्याची सोपी रीत अशी: नुसत्या गिटारवर किंवा पेटीवर गाणं एकदा म्हणून दाखवा, आधी काही समजावून सांगू नका आणि अर्ध्या तासाने समोरच्याला ध्रुवपद गुणगुणायला सांगा. चाल आठवली पण शब्द आठवले नाहीत, तर शब्दांवर पुन्हा बसा. शब्द आठवले पण चाल निसटली, तर मुखड्याची चाल अजून पक्की झालेली नाही.

लांबीबद्दल थोडं. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-सव्वातीन मिनिटंच मावत. आपल्या जुन्या भावगीतांची आटोपशीर बांधणी बरीचशी त्या मर्यादेतून आली: छोटा वाद्यमेळ, मुखडा, दोन-तीन अंतरे, संपलं. आज अशी मर्यादा नाही, तरी ती शिस्त कामाची आहे. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते ‘ऐकलं’ म्हणून मोजतात. पहिल्या गाण्यात तुमचा आवाज दहा-पंधरा सेकंदांत कानावर पडावा असं माझं मत आहे. लांबलचक सुरुवात त्या गायकाला शोभते ज्याची लोक वाट पाहत असतात.

आता शब्द. समजा मुखडा असा आहे: ‘भरून आलंय आभाळ सारं, बोल ना काहीतरी’. बोलीतली ओळ आहे, पॉपला साजेशी. पण ‘सारं’वर लांब सूर धरून पाहा. तो शेवटचा ‘अं’ दबलेलाच राहतो, सूर उघडत नाही. ‘आभाळ’मधल्या ‘ळ’वरही थांबता येत नाही. ‘सारे’ केलं तर सूर मोकळा होतो, पण मग ओळ पुस्तकी वाटायला लागते आणि पुढचं ‘बोल ना काहीतरी’ तिला चिकटत नाही. त्यापेक्षा ‘सारं’ला आखूड सूर द्या आणि लांब ओढ ‘काहीतरी’च्या ‘री’वर न्या. मराठीत बोलीभाषेत गाणं लिहिणाऱ्या प्रत्येकाला गेलं, झालं, सारं, तुझं या शेवटांशी झुंजावंच लागतं. स्टुडिओत जाण्याआधी वहीत प्रत्येक ओळीखाली खूण करा: सूर कुठे थांबतो आणि तिथे कोणता स्वर येतो. एका संध्याकाळचं काम आहे, पण गाण्यात फरक पडतो.

पट्टी ठरवताना मुखड्यावर भुलू नका. अंतऱ्यातली सर्वांत वरची जागा सलग दहा वेळा म्हणून पाहा. काळी चारमध्ये मुखडा झळकतोय पण वरचा गंधार दर तिसऱ्या वेळी ओढून लागतोय, तर निमूटपणे पांढरी पाच, म्हणजे अर्धा सूर खालची पट्टी, घ्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी घसा हवा तसा साथ देईलच असं नाही आणि पुढे हे गाणं तुम्हाला मंचावर उभं राहूनही गायचं आहे. पट्टी आणि लय नक्की झाली की मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) साधा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, करा. फोनवर केला तरी चालतो. संगीत संयोजकाकडे (गाण्याचा वाद्यमेळ रचणाऱ्याकडे) जाताना हा डेमो, टाइप केलेले शब्द आणि तुम्हाला हव्या त्या रंगाची दोन-तीन गाणी घेऊन जा.

कागद आधी, स्टुडिओ मग

एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या वस्तू असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचा हक्क ती रचना लिहून किंवा रेकॉर्ड करून झाल्यापासूनच रचणाऱ्याचा असतो आणि हयातीनंतर आणखी ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ‘निर्मात्या’चा, म्हणजे ते मुद्रण घडवून आणण्याची जबाबदारी ज्याने उचलली त्याचा, आणि तो प्रसिद्धीपासून ६० वर्षं. स्टुडिओचे पैसे तुम्ही भरलेत तर निर्माता साधारणपणे तुम्हीच. पण मामांनी पैसे दिले असतील, किंवा संयोजक म्हणाला असेल ‘पैसे राहू दे, आपण मिळून करू’, तर तिथेच प्रश्न सुरू होतो. मामांचे पैसे उसने, भेट, की गुंतवणूक? आताच विचारा. गाणं चाललं तर हा प्रश्न विचारणं फार अवघड होऊन बसतं.

संयोजकाबरोबर एक पानाचा करार पुरतो. मराठीत लिहिलात तरी चालेल. त्यात गाण्याचं नाव, कुणी काय केलं, मानधन किती आणि कोणत्या टप्प्यांवर, ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाची, पुढच्या उत्पन्नात वाटा असेल तर किती टक्के, किती वेळा करेक्शन मिळेल, वेगवेगळे ट्रॅक (प्रत्येक वाद्याचं आणि आवाजाचं स्वतंत्र मुद्रण) हातात मिळतील की नाही आणि श्रेयात नाव कसं छापायचं एवढं आलं पाहिजे. दोघांच्या सह्या, तारीख, दोन प्रती. बासरी किंवा गिटार वाजवायला आलेल्या कलाकाराकडूनही मानधनाची पावती घ्या आणि तिच्यावर ‘या ध्वनिमुद्रणाच्या वापराला माझी संमती आहे’ अशी ओळ लिहून घ्या. मैत्रीत कागद कशाला, असं वाटेल. माझा अनुभव असा की मैत्री टिकवण्यासाठीच तो लागतो.

कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करणं सक्तीचं नाही. तरी शब्द आणि चाल यांची ऑनलाइन नोंदणी प्रत्येकी ५०० रुपयांत होते, ध्वनिमुद्रणाची २,००० रुपयांत. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. पैसे तंग असतील तर निदान चालीचे जुने फोन-रेकॉर्डिंग आणि वहीची पानं तारखेसकट स्वतःला ई-मेल करून ठेवा. वाद झालाच तर पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

डेमो ऐकून एखादी संगीत कंपनी ‘गाणं आम्हाला द्या, आम्ही चॅनलवर टाकतो’ म्हणाली तर आनंद होणारच. सही करण्याआधी मात्र कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने दिलेलं संरक्षण माहीत असू द्या. गीतकार आणि संगीतकार म्हणून रॉयल्टीतला (गाण्याच्या वापराबद्दल मिळणाऱ्या मोबदल्यातला) समान वाट्याचा तुमचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही; तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द करारात असतील तर ते मुद्दाम घातलेले आहेत हे समजून घ्या आणि त्यांच्या बदल्यात काय मिळतंय ते विचारा. वकिलाला दाखवायचे पैसे इथे खर्च करा, व्हिडिओतल्या ड्रोनवर नंतर करा.

दोन धोके नवख्यांना हमखास भेटतात. पहिला, यूट्यूबवरून उचललेला ‘फ्री’ बीट, म्हणजे तयार वाद्यमेळ. फ्री बहुधा ऐकण्यापुरता किंवा ना-नफा वापरापुरता असतो. परवाना विकत घेतला तरी तोच बीट आणखी पन्नास जणांकडे असू शकतो आणि मग यूट्यूबच्या कंटेंट आयडीवर (कुणाचं संगीत वापरलंय ते आपोआप ओळखणारी यंत्रणा) दावे-प्रतिदावे सुरू होतात. दुसरा, अभंगाची किंवा लोकगीताची ओळ मुखड्यात घेणं. संतांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण आपल्या कानात बसलेली चाल अनेकदा विसाव्या शतकातल्या कुणा संगीतकाराची असते आणि तिचा हक्क अजून जिवंत असतो. ओळ घ्या, चाल स्वतःची लावा.

याच टप्प्यावर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे आयपीआरएसचं, सदस्यत्व घ्या. १९६९ साली स्थापन झालेली ही संस्था गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते. रेडिओ, हॉटेल, कार्यक्रम, स्ट्रीमिंग यांतून शब्द-चालीचा जो वाटा येतो तो तुमच्या वितरकाकडून (गाणं स्ट्रीमिंग सेवांवर चढवणाऱ्या कंपनीकडून) येत नाही, या वाटेने येतो. पहिल्या गाण्याच्या वेळी बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.

रेकॉर्डिंग

मोठ्या स्टुडिओत सगळं गाणं करण्याची गरज राहिलेली नाही. वाद्यांचं प्रोग्रॅमिंग संयोजकाच्या घरी होतं. आवाज मात्र चांगल्या खोलीत घ्या. परवडत असेल तर दोन तास स्टुडिओ, नसेल तर घरची नीट तयार केलेली खोली. मोकळ्या भिंती आणि फरशी आवाजाला घुमवतात आणि तो घुमारा नंतर काढता येत नाही. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभे राहा, समोर माइकच्या मागे स्टँडवर किंवा दोरीवर जाड गोधड्या टांगा. पंखा, फ्रिज बंद. कुकरच्या शिट्ट्या आणि सोसायटीतला पाण्याचा पंप यांच्या वेळा बघून ठेवा. पावसाळ्यात पत्र्याची शेड जवळ असेल तर रेकॉर्डिंग पुढे ढकललेलं बरं.

माइक तोंडापासून एक वीत लांब, मध्ये पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी). आता पुन्हा ती ओळ बघा: भरून, आभाळ, बोल. ओठ मिटून सुटणारे तीन उच्चार एका ओळीत. प्रत्येक ‘भ’ला हवेचा झोत माइकवर आदळतो आणि हेडफोनमध्ये ‘धप्प’ ऐकू येतं. माइक किंचित बाजूला वळवा, म्हणजे आवाज त्याच्याकडे जाईल पण हवा बाजूने निघून जाईल. ‘भ’ मऊ करायला जाऊ नका, नाहीतर ‘बरून आलंय’ ऐकू येईल. मराठी कानाला ते पहिल्या फटक्यात खटकतं.

आवाजाची पातळी सर्वांत जोरदार जागी उणे दहा-बारा डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा. आधी पूर्ण गाण्याचे तीन-चार टेक सलग घ्या, मग अडलेल्या ओळी स्वतंत्र. एकेक शब्द पंच करत (तेवढाच तुकडा पुन्हा गाऊन मध्ये बसवत) गेलात की सूर जुळतो, पण भाव तुटतो. पिच दुरुस्तीचं सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही. मींड आणि मुरक्या मात्र त्याच्या तावडीतून सोडवा. ते प्रत्येक सूर सरळ रेषेत आणून बसवतं आणि तुमच्या गळ्याची खूण पुसून टाकतं.

मिक्सिंगच्या, म्हणजे आवाज आणि वाद्यं यांचा मेळ बसवण्याच्या, वेळी स्वतः बसा. संयोजक आणि मिक्सिंग करणारा अमराठी असेल तर नक्कीच बसा. ‘चांदणं’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळा आहे हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. स, श, च यांची धार कमी करणारा डी-एसर जरा जास्त लावला की आपले दंततालव्य उच्चार बोबडे होतात. दुसरी गोष्ट, बीटच्या खाली आवाज दाबण्याची पद्धत हिंदी-इंग्रजी पॉपमधून आपल्याकडे आली आहे. मराठी श्रोता शब्दांच्या मागे मागे चालतो. मिक्स झाल्यावर ते साध्या फोनच्या स्पीकरवर, रिक्षात बसून ऐका आणि गाणं कधीही न ऐकलेल्या माणसाला शब्द लिहून काढायला सांगा. जिथे तो अडखळेल तिथे मिक्स दुरुस्त करा. एवढी साधी चाचणी मला कुठल्याही मीटरपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

मास्टरिंगमध्ये (तयार मिक्सवरून फिरवलेला शेवटचा हात) गाणं फार जोरात करण्याचा हट्ट धरू नका. स्पॉटिफाय सर्व गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा जोर मोजण्याचं एकक) या पातळीला आणतं, त्यामुळे चेपून जोरात केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि नुसतं चेपलेलं उरतं. शेवटी या फाइल्स मागून घ्या: २४ बिट वेव्ह मास्टर, आवाजाशिवायचा ट्रॅक (कार्यक्रमांत लागतो), नुसता आवाज आणि शून्य सेकंदापासून सुरू होणारे सगळे वेगळे ट्रॅक. दोन ठिकाणी जपून ठेवा. यातली एक जागा ढगातली (क्लाउडवरची) आणि एक हातातली असावी.

वितरण आणि नावांची नोंद

स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब म्युझिक यांवर सामान्य कलाकाराला थेट गाणं चढवता येत नाही. मध्ये वितरक लागतो. डिस्ट्रोकिड वार्षिक वर्गणी घेतं, सीडी बेबी प्रत्येक गाण्याला एकदाच पैसे आणि कमाईतला काही हिस्सा घेतं, राउटनोटची मोफत योजना कमाईतले १५ टक्के ठेवते. निवडताना एकच प्रश्न नीट विचारा: वर्गणी भरायची थांबलो तर गाणं उतरवणार का? इंटरनेटवरच्या जुन्या मार्गदर्शकांत विंक आणि रेसोची नावं दिसतील. त्या दोन्ही सेवा २०२४ मध्ये भारतात बंद झाल्या. अमेरिकी वितरक असेल तर डब्ल्यू-८ बेन हा कर-फॉर्म न चुकता भरा, नाहीतर तिथल्या उत्पन्नातून जास्तीचा कर कापला जातो.

फॉर्म भरायला बसाल तेव्हा चहा घेऊन, घाई नसताना बसा. तुमचं नाव रोमन लिपीत कसं लिहायचं ते आज ठरवा आणि ते पुन्हा कधी बदलू नका. मराठी नावांची रोमन स्पेलिंगं तीन-तीन प्रकारे होतात; आधार कार्डावर एक, इन्स्टाग्रामवर दुसरं, फॉर्मवर तिसरं असं झालं की तुमच्याच नावाची दोन पानं तयार होतात आणि पुढचं गाणं भलत्या पानावर जातं. त्याच नावाचा दुसरा गायक आधीच आहे का तेही शोधा. असेल तर आडनाव किंवा मधलं नाव जोडा. गाण्याचं नाव देवनागरीत द्यायचं की रोमनमध्ये? शोधणारे दोन्ही प्रकारे शोधतात. वितरक दोन्ही घेत असेल तर दोन्ही द्या, एकच घेत असेल तर लोक फोनवर जसं टाइप करतात तसं द्या. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडा. हे सांगावं लागतं, कारण यादी उघडल्यावर आधीचं ठरलेलं ‘इंग्रजी’ किंवा ‘हिंदी’ तसंच राहून जातं आणि मराठी प्लेलिस्ट करणाऱ्या संपादकापर्यंत गाणं पोचतच नाही. गीतकार, संगीतकार या रकान्यांत पूर्ण कायदेशीर नाव, आडनावासकट.

मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, चौकोनी. त्यावर फोन नंबर, संकेतस्थळ, इन्स्टाग्रामचं नाव टाकलं तर नाकारतात. वितरक प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा त्या ध्वनिमुद्रणाची ओळख असलेला १२ अक्षर-अंकांचा क्रमांक देतो. तो करारावर, फाइलच्या नावात आणि आयपीआरएसच्या नोंदीत लिहून ठेवा. उद्या वितरक बदलला तरी तोच क्रमांक पुढे द्यायचा.

तारीख

जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात. पहिल्या गाण्यासाठी शुक्रवारच असा आग्रह मी धरणार नाही, पण त्या दिवशी प्लेलिस्ट बदलतात हे खरं. त्यापेक्षा आपलं पंचांग बघणं महत्त्वाचं. गणपतीच्या आधीचे तीन आठवडे गणपतीच्या गाण्यांचे असतात. तेव्हा तुमचं विरहगीत कोण ऐकणार? पावसाचं गाणं जूनच्या सुरुवातीला यावं, म्हणजे ते मे महिना उजाडताच वितरकाकडे गेलेलं असलं पाहिजे. एकूण हिशोब असा धरा: गाणं चार आठवडे आधी चढवायचं, आणि स्पॉटिफायच्या कलाकार-खात्यातून संपादकांकडे पाठवण्याचा अर्ज निदान सात दिवस आधी गेला पाहिजे. त्या अर्जात ‘हृदयस्पर्शी गाणं’ असं लिहू नका. वाद्यं कोणती, कुठे बसून केलं, कशाबद्दल आहे, कोणत्या गावातले लोक तुम्हाला ऐकतात ते चार वाक्यांत लिहा.

व्हिडिओवर सगळे पैसे उडवू नका. शब्दांचा व्हिडिओ पहिल्या गाण्याला पुरतो, मराठीत तर तो आवडीने बघितला जातो. मात्र ह्रस्व-दीर्घ दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. व्हिडिओच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे सरकते आणि जोडाक्षरं फुटतात, तेही बघा. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त, बलू यांसारखे युनिकोड फॉन्ट मोफत आणि सुबक आहेत.

गाणं आल्यावर

पहिल्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर कुणीतरी ‘दहा हजार प्ले, एवढ्या रुपयांत’ असा निरोप पाठवेल. पाठवतोच. घेऊ नका. खोटे प्ले पकडले की ते वजा होतात, वितरकाला दंड बसतो, आणि तो तुमचं गाणं उतरवू शकतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० प्ले झाल्याशिवाय त्या ध्वनिमुद्रणाला पैसेच मिळत नाहीत. हजार खरे श्रोते गोळा करणं हेच पहिलं लक्ष्य ठेवा, आणि ते घरापासून गोळा होतात: कॉलेजचा ग्रुप, गावाकडची मंडळी, ओपन माइकला भेटलेले लोक, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळातली ओळखीची माणसं. प्रत्येकाला लिंक पाठवताना वेगळा निरोप लिहा. सरसकट पाठवलेली लिंक कुणी उघडत नाही. जोडीला आकाशवाणीच्या सुगम संगीताच्या स्वरचाचणीचीही चौकशी करा. तिथली श्रेणी आजही कार्यक्रमांच्या आयोजकांसमोर वजन राखून आहे.

पैशांचा हिशोब येतो तो दोन-तीन महिन्यांनी. आकडा लहान असेल. तरी ते पत्रक पूर्ण वाचा: कोणत्या देशातून, कोणत्या सेवेवर किती. पुण्यापेक्षा दुबईतून जास्त ऐकलं जात असेल तर पुढच्या गाण्याची प्रसिद्धी कुठे करायची ते कळतं. आयपीआरएसकडे गाण्याची नोंद, आयएसआरसीसकट, अजून केली नसेल तर त्याच दिवशी करून टाका. आणि संयोजकाशी उत्पन्नात वाटा ठरला असेल तर रक्कम एकशे बारा रुपये का असेना, त्याचे टक्के त्याला पाठवा, सोबत पत्रकाचा स्क्रीनशॉट जोडा.